बंटीचं ब्रह्मांड

काल कट्ट्यावर नशेच्या पार्टीची बातमी निघाली आणि आमच्या बंटीच्या अंगात आलं. गोव्यात तसल्याच पार्टीला जाऊन आल्यापासून हा गळ्यात रुद्राक्ष घालून फिरतो, चहात साखर कमी पडली तरी व्हायब्रेशन म्हणतो. "तुम्हाला नाही कळणार भाऊ, भिंत श्वास घेत होती, डोळे मिटले तर मधमाशीचं पोळं, मग बोगदा... ब्रह्मांड दिसलं मला!"

किरणभाऊचं अमळनेरात चष्म्याचं दुकान, डोळ्याचं काही निघालं की तो सोडत नाही. "बोगदा बघायला गोव्याला कशाला रे, मुंबईच्या गाडीत बस, कसाऱ्याला फुकट दिसतात."

मग त्यानं नीट सांगितलं. क्लुव्हर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1926 सालीच मेस्कलिन, म्हणजे निवडुंगातलं भास आणणारं द्रव्य, स्वतः घेऊन लिहून ठेवलंय, फिरून फिरून तेच चार प्रकार दिसतात, जाळी नाहीतर पोळं, कोळ्याचं जाळं, बोगदा आणि भोवरा. कारण डोळ्याच्या पडद्यावरचं गोल चित्र मेंदूच्या मागच्या भागात उलगडून सरळ पसरलेलं असतं, तिथं नुसते पट्टे उठले तरी आपल्याला बोगदा दिसतो. "ब्रह्मांड नाही दिसलं बंट्या, तुझ्या डोक्यातलं वायरिंग दिसलं."

नाना मध्येच, "मंग आमच्या बांधावरचा धोतरा?" किरण म्हणे नाना, ते वेगळं प्रकरण, त्यात नसलेला माणूस खरा वाटतो आणि त्याच्याशी गप्पा मारता मारता आपण दवाखान्यात नाहीतर वर.

बंटी काही ऐकेना. "एलएसडी ही नशा शोधणाऱ्या हॉफमननं 1943 ला ती स्वतः घेऊन सायकल चालवली, तो काय येडा होता?"

"येडा नव्हता, पण घरी पोचल्यावर त्याला शेजारीण चेटकीण दिसायला लागली आणि घाबरून दोन लिटरच्या वर दूध प्यायला, ते नाही सांगत तू."

"तुले काय समजस रे!" बंटी चिडला की अहिराणीवर येतो, लहानपणापासून.

किरण शांतच. "डोळे मीट, पापण्यांवर बोटं हळूच दाब." बंटीनं दाबली. थोडा वेळ गेला. "हो रे... चौकटी चौकटी दिसतात!"

"त्या चौकटींत मागच्या भरीत पार्टीचे माझे तीनशे रुपये दिसतात का बघ."

नानाला ठसका लागला, अर्धा चहा शर्टावर. बंटी डोळे मिटूनच म्हणतो, "नाही भाऊ, तिथं अंधार आहे."