मित्रमैत्रिणींच्या मुलांची गिफ्टं दहावीला थांबवूया

दिवाळी तोंडावर आली आणि आमच्या ग्रुपवर "कुणाच्या मुलांना काय घ्यायचं" सुरू झालं. माझं मत स्पष्ट आहे. मित्रमैत्रिणींच्या मुलांना वाढदिवसाला आणि दिवाळीला गिफ्ट देणं दहावीपर्यंत ठेवावं, मग दोन्ही घरांनी ठरवून थांबवावं.

लहान मुलांना देण्यात निखळ आनंद आहे. चार वर्षांच्या पोराला खेळण्यातला ट्रक दिला तर तो तासभर आपल्याला सोडत नाही. बारा-तेराव्या वर्षी हे बदलतं. त्याला काय आवडतं ते आपल्याला कळेनासं होतं, आई म्हणते, "अगं, पाकीटच दे." मग एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं पाचशे एकचं पाकीट तिच्या हातात जातं आणि आपल्या मुलाच्या वाढदिवसाला तसंच पाकीट आपल्याकडे येतं. मुलगा आईने हाक मारली की आतल्या खोलीतून येतो, "थँक्यू मावशी" म्हणतो आणि परत जातो. त्याचा यात काही दोष नाही. देणंघेणं दोन आयांमध्ये चाललेलं असतं, नाव फक्त त्याचं.

आपल्या जुन्या रीतींमध्ये हे फार छान बसवलेलं होतं. बारशाला अंगडं-टोपडं किंवा चांदीची वाटी. संक्रांतीला बोरन्हाण, तेही पहिल्या वर्षी किंवा फार तर मूल पाच वर्षांचं होईपर्यंत. ज्यांच्याकडे मुंज असते त्यांच्याकडे मुंजीचा आहेर. त्यानंतर थेट लग्न ठरल्यावर केळवण. मधल्या वर्षांत वाढदिवसाला औक्षण आणि कुणी घरी आलं तर हातावर खाऊ. प्रसंग सरला की देणंही सरायचं, आणि त्यात कुणाला तुटल्यासारखं वाटत नसे. दरवर्षीचं गिफ्ट आणि त्यावर रिटर्न गिफ्ट ही नंतरची भर आहे, आणि तिला शेवट कुठे करायचा हे कुणी ठरवलेलंच नाही.

दहावी यासाठी की तेव्हा पेढे येतातच. त्या वेळी शेवटची, जरा मोठी भेट द्यावी, आणि ती मुलालाच विचारून. कॉलेजची सॅक, चांगले हेडफोन, जे त्याला हवं असेल ते.

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते मूल नसलेल्या मैत्रिणीबद्दल. ती वर्षानुवर्षं सगळ्यांच्या मुलांना आठवणीने देते आणि तिच्या घरी काहीच जात नाही. "तिला कुठे खर्च आहे" असं बोललेलं मी ऐकलंय, आणि मला मनापासून राग आला. ती स्वतःहून थांबू शकत नाही. थांबली तर लोक भलताच अर्थ काढतात. म्हणून हा विषय मुलं असलेल्यांनीच काढला पाहिजे, आणि तिच्या वाढदिवसाला तिच्यासाठी काहीतरी घेऊन गेलं पाहिजे.

तसंच पैशांच्या ओढाताणीत असलेल्या मित्राचं. 2020 च्या लॉकडाउनमध्ये कितीतरी घरांत पगार कापले गेले, काहींच्या नोकऱ्या गेल्या. आमच्याही ओळखीत असं झालं, तरी पाकिटाचा आकडा कुणी कमी केला नाही, कारण आधी बोलणार कोण? ज्याचं बरं चाललंय त्याने बोलावं. अडचणीतल्या माणसावर ते ओझं टाकू नये.

आणि हे ग्रुपवर लिहू नका, फोन करा. "अगं, लेकीची दहावी झाली की आपण गिफ्टचं थांबवूया का? तूही देऊ नकोस, मीही देत नाही. त्याऐवजी सगळे एकत्र जेवायला जाऊ." एवढं पुरतं. फक्त ते त्यांचं गिफ्ट आपल्या घरी येण्याआधी बोलावं, आल्यावर बोललं तर ते परत केल्यासारखं वाटतं.

एक गोष्ट मात्र सांभाळा. थोरलीची दहावी झाली म्हणून आठ वर्षांच्या धाकट्याचं गिफ्ट बंद करू नका. त्याचीही दहावी होईपर्यंत त्याला द्या. थोरलीला आधी नीट सांगून ठेवा, सोळाव्या वर्षी मुलांना एवढं समजतं.