‘आपोआप सुटतं, उगाच घाबरवू नका’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

चवड्यांवर चालणाऱ्या लहान मुलांवर मी जो लेख लिहिला, त्यावर एका पालकांची लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. तिच्यातलं मुख्य वाक्य असं: ‘माझा मुलगा चालायला लागल्यापासून चवड्यांवर चालायचा, पाचव्या वर्षी आपोआप सुटलं, पोरांच्या चालण्याला आजार ठरवून दुकान चालवायचं आणि आईबापांची झोप उडवायची, हाच तुम्हा लोकांचा धंदा.’ पुढे चार मुद्दे आहेत. पोटरी ताणण्याचा वेळ लेखात एकदा १० सेकंद आणि एकदा ३० सेकंद दिला आहे. ऑटिझमचं नाव घेऊन मी भीती घालते. बुटांबद्दल काहीच सांगितलेलं नाही. आणि शेवटी, लेख काढून टाकावा.

सेकंदांचं तुमचं बरोबर आहे. १० ही माझ्या हातून झालेली चूक होती, ३० हवे होते. दुरुस्त केलं. इतक्या बारकाईनं वाचलंत याबद्दल आभार.

पण इतक्या बारकाईनं वाचणाऱ्या माणसाला त्याच लेखातला तिसरा परिच्छेद दिसू नये, याचं मला वाईट वाटतं. चालायला नुकतीच लागलेली मुलं चवड्यांवर चालतात, दोन वर्षांपर्यंत त्यात काळजीचं काही नाही, आणि त्यानंतरही बऱ्याच मुलांचं आपसूक थांबतं, हे मी तिथं स्वच्छ लिहिलं आहे. तुम्ही मलाच माझं वाक्य ऐकवलंत, वर ‘दुकान’ हा शब्द जोडलात. ‘लेखात अमुक चुकलं’ असं म्हटलं असतंत तर मी मुकाट्यानं ऐकून घेतलं असतं. ‘तुम्हा लोकांचा धंदा’ हे वाक्य लेखावर नाही, ते माझ्या हेतूवर आहे. बावीस वर्षं मी लहान मुलांच्या पायांचंच काम करते आहे. तपासून ‘काही करू नका, सहा महिन्यांनी पुन्हा आणा’ असं सांगून परत पाठवलेली मुलं त्यात सर्वांत जास्त आहेत. दुकान चालवणारा माणूस गिऱ्हाईक असं परत पाठवत नाही.

आता ‘आपोआप सुटतं’ याबद्दल. तुमच्या बाकीच्या प्रतिक्रियेपेक्षा हे दोन शब्द जास्त धोक्याचे आहेत, कारण ते अर्धे खरे आहेत.

स्वीडनमध्ये साडेपाच वर्षांच्या १,४३६ मुलांची पाहणी झाली होती. ती २०१२ साली प्रसिद्ध झाली. त्यात सुमारे ५ टक्के मुलं कधी ना कधी विनाकारण चवड्यांवर चालत होती किंवा अजून चालत होती, आणि साडेपाचव्या वर्षापर्यंत त्यातल्या निम्म्याहून अधिक मुलांचं थांबलं होतं. पुढे याच मुलांना दहाव्या वर्षापर्यंत पाहिलं, तेव्हा सुमारे ७९ टक्के मुलांचं आपणहून सुटलेलं दिसलं. म्हणजे आकडा तुमच्या बाजूचा आहे, आणि तो मी लपवत नाही. पण ‘विनाकारण’ या शब्दाकडे नीट बघा. वैद्यकात याला इडिओपॅथिक म्हणतात. म्हणजे आधी इतर सगळी कारणं शोधायची, ती सापडली नाहीत तरच हे नाव द्यायचं. ते ७९ टक्के या गाळून उरलेल्या मुलांचे आहेत. घरात बसून, पाय न तपासता, कुणालाही तो आकडा आपल्या मुलाला लावता येत नाही. त्याच पाहणीत विकासाचा किंवा वर्तनाचा काही प्रश्न असलेल्या मुलांमध्ये चवड्यांवर चालणाऱ्यांचं किंवा पूर्वी चाललेल्यांचं प्रमाण ५ नव्हे, तर ४१ टक्क्यांच्या आसपास होतं. मुलांचा गट बदलला की आकडा किती बदलतो, ते यातूनच कळतं.

गाळून बाजूला काय काढायचं असतं, तेही सांगते. ते कळल्यावर घाबरवणं आणि जागं करणं यातला फरक तुमच्या लक्षात यावा.

एकाच पायाची टाच उचललेली असेल तर ते ‘सवय’ या नावाखाली कधीच येत नाही. त्याच बाजूचा हात धावताना कोपरात वाकून छातीशी येतो का, एकाच बुटाचा पुढचा भाग झिजतो का, बघावं. सौम्य सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचालींत येणारा दोष, अशीच उघडकीला येते. दोन्ही पायांची लांबी कमी-जास्त असेल तरी एका पायाची टाच वर राहते. मूल आधी नीट टाच टेकवून चालत होतं आणि मग चवड्यांवर आलं, हा दुसरा इशारा. तुमच्या मुलासारखं पहिल्या पावलापासून चालणारं मूल आणि चार वर्षांचं झाल्यावर सुरुवात केलेलं मूल, यांना एका रांगेत उभं करता येत नाही. मुलगा असेल, जिन्यावर अडखळत असेल, पोटऱ्या फुगीर आणि टणक लागत असतील, जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत टेकत वर येत असेल, तर रक्तातलं क्रिएटिन कायनेज, म्हणजे स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं द्रव्य, तपासायला एक दिवसही लावू नये. ड्यूशेन या स्नायूंच्या आजारात ते प्रचंड वाढलेलं असतं. कमरेच्या खालच्या भागात मधोमध केसांचा पुंजका, खोल खळी किंवा गाठ असेल, किंवा लघवी-शौचावरचा आलेला ताबा पुन्हा जाऊ लागला असेल, तर मज्जारज्जू खाली अडकून ताणला जातोय का, हे पाहावं लागतं. यातल्या एकाही गोष्टीत वाट बघून फायदा होत नाही.

समजा, यातलं काहीच नाही. मग वाट बघायला माझी हरकत नाही. पण वाट बघणं म्हणजे डोळे मिटून बसणं नव्हे. दर सहा महिन्यांनी घोटा किती वाकतो ते मोजायचं असतं, कारण वर्षानुवर्षं चवड्यांवर राहिलेली पोटरी आखडत जाते. आज मनात आलं तर टाच टेकवू शकणारं मूल दोन वर्षांनी मनात असूनही टेकवू शकत नाही, असं होतं. पहिल्या अवस्थेत वेळ हाताशी असतो. दुसऱ्या अवस्थेत तो बराचसा गेलेला असतो.

मोजायचं कसं, हे त्या लेखात मी दोन ओळींत उरकलं होतं. इथं सविस्तर लिहिते. मुलाला पाठीवर झोपवायचं. गुडघा सरळ. टाच आपल्या तळहातात घट्ट धरायची आणि ती किंचित आतल्या बाजूला वळवायची. मगच पाऊल नडगीच्या दिशेनं वर ढकलायचं. टाच आत वळवायचं राहिलं की पाऊल घोट्यात न वाकता मधल्या सांध्यांत वाकतं आणि घोटा भरपूर वाकतोय असा भास होतो. अनुभवी हातांकडूनही ही चूक होते. काटकोनाच्या पुढे निदान १० अंश पाऊल वर यायला हवं. जेमतेम काटकोनापर्यंत येत असेल किंवा तेवढंही येत नसेल, तर आखडलेपण खरं आहे. मग हेच गुडघा वाकवून करायचं. पोटरीचा वरचा स्नायू, गॅस्ट्रोक्नेमियस, गुडघ्याच्या वरून सुरू होतो. गुडघा वाकवला की तो सैल पडतो. वाकवल्यावर पाऊल सहज वर आलं तर दोष त्या स्नायूचा. वाकवूनही अडलं तर पोटरीचा आतला स्नायू, सोलियस, किंवा टाचेची जाड शीर, म्हणजे अकिलीस टेंडन, आखूड झालेली असते. पुढचे उपाय या फरकावरच ठरतात.

आणि हे मला सर्वांत आवर्जून सांगायचं आहे: टाच जमिनीला टेकली म्हणजे प्रश्न सुटलाच, असं नाही. आखडलेल्या पोटरीचं मूल टाच टेकवायला वाट शोधतं. पावलं बाहेरच्या बाजूला फिरवतं, किंवा गुडघे मागे ढकलतं, किंवा तळव्याची कमान खाली पाडून पाऊल सपाट करतं. लांबून बघणाऱ्याला ‘सुटलं’ असंच वाटतं. तुमच्या मुलाचं असं झालंय असं मी म्हणत नाही. मी त्याला पाहिलेलं नाही आणि तुमचा शब्द मला मान्य आहे. पण त्याला पावलं समोर ठेवून, टाचा न उचलता उकिडवं बसायला सांगा. मग चवडे वर उचलून नुसत्या टाचांवर दहा पावलं चालायला सांगा. दोन्ही सहज जमलं तर आनंद आहे. मागे तोल जात असेल किंवा पावलं बाहेर फिरत असतील, तर माझ्याकडे येऊ नका हवं तर, पण कुणाला तरी दाखवा.

सेकंदांचा विषय तुम्हीच काढलात, तर ताणण्याचंही नीट लिहिते. गुडघा सरळ, टाच हातात, किंचित आत वळवलेली, आणि हळूहळू वर; ३० सेकंद धरायचं, सोडायचं, प्रत्येक पायाला पाच वेळा, दिवसातून दोनदा. पावलाच्या पुढच्या भागावर जोर देऊ नका, त्यानं तळव्याची कमान ढिली पडते आणि पोटरी आहे तशीच राहते. मूल रडत असताना ओढू नका; ते स्नायू आवळतं आणि तुमची सगळी ताकद त्या आवळण्याशी झगडण्यात जाते. झोप लागता लागता किंवा गोष्ट सांगताना जमतं. दिवसा उकिडवं बसून खेळणं, चढावर चालणं, टाचांवर चालायच्या शर्यती. यानं घोटा उचलणारा पुढचा स्नायू तयार होतो. तो कमजोर राहिला तर नुसत्या ताणण्याचा फायदा टिकत नाही. आणि दिवसभर ‘टाच टेकव, टाच टेकव’ म्हणणं थांबवा. मूल तुम्ही बघत असेपर्यंत टेकवतं, पाठ फिरली की पुन्हा चवड्यांवर. त्यातून फक्त त्याला बोलणी बसतात. बसवून फिरवायचा चाकांचा वॉकर घरात असेल तर तो काढून टाका. त्यात मूल चवड्यांनीच जमीन ढकलायला शिकतं. जिन्यावरून पडण्याच्या अपघातांमुळे कॅनडानं २००४ साली असे वॉकर विकायलाच बंदी घातली, ते कारण वेगळंच.

एवढ्यानं भागलं नाही तर एक-दोन आठवड्यांनी बदलत जाणारी प्लास्टर असतात, त्यानंतर रात्री किंवा दिवसा घालायचे स्प्लिंट, म्हणजे पाऊल जागेवर धरून ठेवणारे आधार. स्नायू सैल करणारं बोटॉक्सचं इंजेक्शन प्लास्टरला जोडून फायदा वाढतो का, हे २०१३च्या एका चाचणीत तपासलं होतं, वाढला नाही. शस्त्रक्रिया शेवटची, आणि तीही खऱ्या आखडलेपणासाठी. टाचेची शीर गरजेपेक्षा जास्त लांबवली तर पाऊल ढकलायची ताकद जाते आणि मूल गुडघे वाकवून चालायला लागतं. ते दुरुस्त करणं फार अवघड असतं. आता सांगा, यात घाईनं कापाकापीकडे ढकलणारं वाक्य कुठं आहे?

ऑटिझमचं: चवड्यांवर चालणं म्हणजे ऑटिझम, असं मी लिहिलेलं नाही, शोधून दाखवा. बोलणं उशिरा येणं, नावानं हाक मारल्यावर न बघणं, बोट दाखवून वस्तू न मागणं, यांच्या जोडीनं ते असेल तर तपासा, एवढंच लिहिलं आहे. तो शब्द उच्चारलाच नाही तर मुलाचं भलं होतं, हे मला पटत नाही.

बूट: घोट्यापर्यंतचे टणक बूट टाच वर उचललेली झाकतात, पोटरी लांब करत नाहीत. म्हणून त्यांना लेखात जागा दिली नाही.

लेख मी काढणार नाही. सेकंद दुरुस्त केले आहेत आणि मोजण्याचा वरचा परिच्छेद त्यात जोडते आहे. तुमची प्रतिक्रियाही आहे तशी राहील, ‘दुकान’ या शब्दासकट. मुलाचं उकिडवं बसणं आणि टाचांवर चालणं पाहिलंत की काय दिसलं ते कळवा.