रातभर एसी म्हणजे तीन लिटर पेट्रोल

पंक्याच्या ॲपनं त्याचा वर्षाचा कार्बन फूटप्रिंट, म्हणजे त्याच्यापायी किती कार्बन डायऑक्साइड हवेत गेला ते, काढून दिला आणि सोबत फुकटचे सल्ले, स्ट्रॉ वापरू नका, जुने मेल डिलीट करा वगैरे, आणि यावरून धरमपेठच्या टपरीवर तर्री पोहे थंड होईस्तोवर भांडण.

बंटी म्हणे, "अबे हे सारं तेल कंपन्याईचं काम हाय. बीपी नावाच्या तेल कंपनीनं 2004 मधे फूटप्रिंटचं कॅल्क्युलेटर काढलं, का लोकहो तुमचा तुम्हीच मोजा. म्हणजे तेल काढणार ते आन पाप आपलं!"

मुद्दा खराच आहे, मी पण मान डोलावली. पण बीपी लबाड म्हणून बंटीचा एसी काही हवेवर चालत नाही ना.

सुहास वायरिंगची कामं करतो, त्याला ॲपबिप काही माहीत नाही. तो म्हणाला, "लाईट बिल काढ. एक युनिट म्हणजे धर 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड, कोळशावरच तर चालते आपलं बरंचसं, कोराडीचं वीज केंद्र पाहून ये पाहिजे तर. पेट्रोल लिटरमागं 2.3 किलो. मेल काय डिलीट करतं?"

इथं बंटी उसळला. "लिटरभर पेट्रोलचं वजन पाऊण किलो, त्यातून सव्वादोन किलो निघते कसं बे?" आता हा प्रश्न मला पण कधी पडला नव्हता, खरं सांगतो. तर पेट्रोलमध्ये मुख्य कार्बन, तो जळताना हवेतला ऑक्सिजन ओढतो आणि ऑक्सिजनचं वजन त्यात धरलं जातं, टाकीत असतो तो फक्त कार्बनवाला भाग. बंटीला हे पटायला दोन चहा लागले.

मग हिशोब निघाला. बंटीचा जुना दीड टनचा एसी रातभर चालला का दहाएक युनिट खातो, म्हणजे सात किलो, म्हणजे तीन लिटर पेट्रोल, म्हणजे ॲक्टिव्हा शंभर-सव्वाशे किलोमीटर. झोपल्या झोपल्या! कूलर दोनशे वॉटचा धरला तर आठ तासाला दीड-पावणेदोन युनिट. नागपूरच्या मे महिन्यात कोरड्या हवेत वाळ्याची ताटी लावलेला कूलर मस्त चालतो, आपल्या घरी सगळ्यांच्या होताच की, एसी आला तसा तो गच्चीवर गेला. आणि पंखे बदलायचे तर 75 वॉटचा काढून 30 वॉटचा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, लावा, बारा तासाला अर्धं युनिट वाचते, स्ट्रॉ वाचवून एवढं कधी होणार?

"आन जुलैत?" बंटी म्हणे. "पावसात कूलर लावला का गादी चिकचिक करते, तवा काय करू?"

"एसी 26 वर ठेव आन पंखा लाव," सुहास म्हणाला. "डिग्रीमागं सहा टक्के वीज वाचते म्हणते बीईईवाले, वीजबचतीचं सरकारी खातं हाय ते."

"26 वर झोप येते का कोणाले?"

पंक्याला येते म्हणे. बंटीला 18 शिवाय येत नाही, आणि वरून पांघरूण लागते.