नुसतं क्लोराइड नाही, सोडियमही हवं
कॅन्सरवरच्या ‘नवं औषध’ अशा शीर्षकाच्या लेखात ‘क्लोराइड (मिठात सोडियमसोबत असणारा भारित कण) पेशीच्या आत सोडलं की कॅन्सरची पेशी मरते’ इतकंच दिलंय. यावरच्या २०१४ च्या संशोधनात कॅलिक्सपायरोल हे प्रयोगशाळेत बनवलेले रेणू क्लोराइडला पेशीच्या पटलापार, म्हणजे तिच्या आवरणातून आत, नेतात. सोबत सोडियम पेशीच्याच वाहिन्यांतून आत शिरतं. मग ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू वाढतात, मायटोकॉन्ड्रियातून (पेशीच्या ऊर्जाकेंद्रांतून) सायटोक्रोम-सी हे प्रथिन बाहेर पडतं, पेशीतली प्रथिनं कापणारी कॅस्पेस एन्झाइम जागी होतात आणि पेशी स्वतःलाच मोडीत काढते. पुरावा झकास: बाहेरच्या द्रावातून सोडियम किंवा क्लोराइड काढलं की परिणाम ओसरतो. खरी गोची पुढेच आहे. क्लोराइड वाहून नेणारे हे रेणू निरोगी पेशींनाही सोडत नाहीत. शिवाय रेणू पटलात शिरण्याइतका तेलकट केला, की पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणजे रक्तातून गाठीपर्यंत पोचवणं अवघड. ‘नवं औषध’ हे शीर्षक घाईचं वाटतं.