'फ्लॅटला लॅब, बंगल्याला जर्मन शेफर्ड' म्हणणाऱ्या फॉरवर्डबद्दल

"लॅब की जर्मन शेफर्ड? एका मिनिटात ठरवा" असा एक मेसेज सध्या प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. सोसायटीच्या ग्रुपवर आला, शाळेच्या मित्रांच्या ग्रुपवर आला, आणि काल एका काकांनी मला तो पाठवून खाली विचारलं की मग आपण लॅबच घ्यायचा ना. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी सांगतो, त्याचं म्हणणं असं: फ्लॅट असेल तर लॅब (म्हणजे लॅब्राडोर जातीचा कुत्रा) आणि बंगला असेल तर शेफर्ड. लॅब शांत असतो, त्याला फारसं फिरवावं लागत नाही. शेफर्ड एकाच मालकाचं ऐकतो, घरात लहान मुलं असतील तर नकोच. लॅब राखण करत नाही, शेफर्ड जन्मतःच राखणदार. शेफर्डचे केस गळतात, लॅबचे नाही, उन्हाळ्यात शेफर्डचं टक्कल करून टाका. लॅब घरातलं काहीही खातो म्हणून स्वस्त पडतो. पिल्लू घेताना 'डबल बोन' लॅब आणि 'डबल कोट' शेफर्ड बघा, शेफर्डचे कान उभे राहायला कॅल्शियम द्या. आणि शेवटी, पहिलंच कुत्रं असेल तर लॅब घ्या. खाली 'जनहितार्थ' आणि हात जोडलेले दोन इमोजी.

यातला शेवटचा मुद्दा मला पटतो, पण मेसेजने दिलेल्या कारणांसाठी नाही. बाकीचे एकेक घेऊ.

"फ्लॅट असेल तर लॅब, बंगला असेल तर शेफर्ड."

हा मुद्दा सगळ्यात जास्त नुकसान करतो कारण ऐकायला एकदम शहाणपणाचा वाटतो. मोठं कुत्रं मोठी जागा, झालं. अहो पण लॅब कुठे छोटा आहे? नर लॅब ३० ते ३५ किलोचा होतो, नर शेफर्ड ३० ते ४० चा. म्हणजे वन बीएचकेमध्ये दोघांची शेपटी टीपॉयवरचा कप सारखाच पाडणार.

बंगल्याचं बघा. शेफर्ड हा जर्मनीत मेंढ्यांमागे काम करणारा कुत्रा. माक्स फॉन श्टेफानित्स नावाच्या घोडदळातल्या माणसाने १८९९ मध्ये ही जात नीट बांधायला घेतली, पण त्या आधीपासून तिकडच्या धनगरांचे कुत्रे एक विशिष्ट काम करायचे. कुंपण नसलेल्या पट्ट्यात मेंढ्या चरतायत, शेजारी कोणाचं तरी उभं पीक आहे, आणि कुत्र्याने दिवसभर त्या हद्दीवरून येरझाऱ्या घालत एकही मेंढी पिकात जाऊ द्यायची नाही. आता हाच कुत्रा तुम्ही बंगल्याच्या कंपाउंडमध्ये सोडून सकाळी ऑफिसला गेलात तर तो काय करेल? तेच करेल. आमच्या ओळखीच्या एका बंगल्यात गेटपासून मागच्या पेरूच्या झाडापर्यंत भिंतीच्या कडेने वीतभर रुंदीची पायवाट पडलीय, लॉन पार उडालंय, खाली लाल माती. घरचे कौतुकाने दाखवतात, बघा कसा राउंड मारतो. राउंड कसला, जीव उबगलाय त्याचा, रस्त्याने सायकल गेली की या टोकापासून त्या टोकापर्यंत भुंकत पळतो, घरातलं माणूस बाहेर येऊन त्याच्याशी दहा मिनिटं खेळत नाही.

उलट टू बीएचकेमध्ये राहणारा, सकाळ-संध्याकाळ व्यवस्थित फिरून येणारा, मधे नाकाने खाऊ शोधायचा खेळ वगैरे खेळणारा शेफर्ड दुपारभर पंख्याखाली पसरलेला असतो. स्क्वेअर फुटापेक्षा तास मोजा, म्हणजे घरातल्या कोणाकडे रोज किती वेळ आहे ते.

"लॅब शांत, त्याला फारसं फिरवावं लागत नाही."

हे लिहिणाऱ्याने सात-आठ वर्षांचा लॅब बघितलाय, सात-आठ महिन्यांचा नाही. लॅबचे पूर्वज कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर थंड पाण्यात जाळी ओढायचे, मग ब्रिटनमधल्या जमीनदारांनी त्यांना पाडलेली बदकं तोंडात धरून आणायला तयार केलं, तिथल्या केनेल क्लबने (कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारी संस्था) १९०३ मध्ये मान्यता दिली. दिवसभर पळायचं, पोहायचं आणि काहीतरी तोंडात धरून आणायचं, हे त्याचं काम. त्यामुळे तुमची चप्पल, रिमोट, आजीचा चष्मा, धुवायला टाकलेले मोजे हे सगळं तोंडात जाणारच, आणि हा प्रकार दोन-अडीच वर्षांपर्यंत चालू शकतो. या वयाच्या लॅबला रोज तास-दीड तास लागतो, खाली जाऊन शू करून लिफ्टने परत म्हणजे फिरवणं नव्हे.

मग सोसायट्यांमधले लॅब इतके शांत का दिसतात? बरेचसे लठ्ठ झालेत म्हणून. त्याबद्दल खाण्याच्या मुद्द्यात.

"शेफर्ड एकाच मालकाचा, मुलं असतील तर नको."

जो खायला घालतो, फिरवतो, शिकवतो त्याला कुत्रं जास्त चिकटतं, कुठलंही. घरातल्या एकाच माणसाने सगळं केलं तर लॅबही त्याचाच होतो, फक्त तो पाहुण्यांनाही शेपटी हलवतो म्हणून लक्षात येत नाही. पहिल्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत वाटाडे कुत्रे तयार करायला घेतले तेव्हा शेफर्डच निवडले होते, आणि ते शिकवणारा एक आणि पुढे सांभाळणारा दुसराच. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्राने 'धोकादायक' म्हणून २३ जातींच्या बंदीचं पत्रक काढलं होतं ते आठवत असेल, पुढे कोर्टात टिकलं नाही ही गोष्ट वेगळी, पण त्या यादीतही जर्मन शेफर्ड नव्हता.

आणि स्वभाव जातीवर किती असतो? २०२२ मध्ये अमेरिकेत अठरा हजारांवर कुत्र्यांचा एक अभ्यास झाला, त्यात कुत्र्या-कुत्र्यांमधल्या वागण्याच्या फरकापैकी जेमतेम ९ टक्के फरक जातीने सांगता आला. म्हणजे जात बघून पिल्लाचं भविष्य सांगणं जवळपास कुंडलीच.

पण मुलांच्या बाबतीत शेफर्डचं एक खरं आहे, जे मेसेजमध्ये नाहीच. मुलं ओरडत पळायला लागली की हा त्यांना वळवायला बघतो, मागे पळतो, टाचेला किंवा पँटला दात लावतो. राग नसतो त्यात, मेंढ्या हाकायची खोड ती. लहानपणीच थांबवलं तर थांबतं, "खेळतोय" म्हणून सोडलं तर दोन वर्षांनी ३५ किलोचं प्रकरण होतं. लॅबचं उलटं, तो सहसा चावणार नाही पण आनंदाने उडी मारून तीन वर्षांच्या पोराला सपशेल आडवा करेल. दोघांच्या बाबतीत नियम एकच, लहान मूल आणि कुत्रं दोघांनाच खोलीत सोडायचं नाही.

शेफर्ड भित्रा किंवा संशयी होतो याचं कारण बऱ्याचदा आपणच असतो. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात पिल्लू जग शिकतं, आणि नेमकं तेव्हाच लसी पूर्ण नाहीत म्हणून आपण त्याला घरात कोंडतो, त्यात पावसाळा असला की विचारू नका. पार्वोची (पिल्लांना होणारा जीवघेणा संसर्ग) भीती खरी आहे, जमिनीवर सोडू नकाच, पण कडेवर घेऊन रिक्षा, कुकरची शिट्टी, हेल्मेट घातलेला डिलिव्हरीवाला, ढोल हे सगळं लांबून दाखवा ना. लॅब हे सगळं चुकलं तरी बऱ्याचदा निभावून नेतो. शेफर्डच्या बाबतीत ते आयुष्यभर दिसतं.

"लॅब राखण करत नाही, शेफर्ड जन्मतः राखणदार."

मुंबईकरांनी तरी हे फॉरवर्ड करू नये. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या ज्या झंजीरने आरडीएक्स, हँडग्रेनेड हुडकून काढले तो लॅबच होता, २००० साली गेला तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना दिली. आता यावर कोणी म्हणेल की ते नाकाचं काम, राखण वेगळी. बरोबर आहे, वेगळीच आहे. पण घरात आपल्याला हवं काय असतं? दारात कोणी आलं तर कळायला हवं, बस. तेवढं भुंकायला लॅबही भुंकतो. अनोळखी माणसावर धावून जाणारा 'राखणदार' सोसायटीत म्हणजे डोक्याला ताप, पेपरवाला, दूधवाला, गॅसवाला सगळे अनोळखीच की. आणि चावलाच तर भारतीय न्याय संहितेत कलम २९१ आहे, प्राणी सांभाळण्यातल्या निष्काळजीपणाचं, ते मालकालाच लागतं.

"शेफर्डचे केस गळतात, लॅबचे नाही. उन्हाळ्यात टक्कल करा."

लॅबचाही कोट दोन थरांचा असतो आणि तोही भरपूर गळतो. शेफर्डचे लांब केस निदान झाडूत गुंडाळले जातात, लॅबचे बारीक टोकदार केस सोफ्यात शिवल्यासारखे रुततात, काळी पँट घालून बघा एकदा. टक्कल अजिबात नको. आतला मऊ थर उष्णतेलाही अडवतो, त्यात काढलेला कोट नंतर नीट येईलच असं नाही. आतले सुटलेले केस आठवड्यातून दोन-तीनदा ब्रशने काढा, दुपारी बाहेर नेऊ नका, नेण्याआधी हाताची पाठ डांबरावर पाच-सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पंजालाही सोसत नाही. नागपूर-अकोल्याकडच्यांनी मे महिन्यात दोन्ही जातींसाठी एसीचा किंवा कूलरचा खर्च धरूनच विचार करावा.

"लॅब घरातलं काहीही खातो, म्हणून स्वस्त."

काहीही खातो हे खरं, आणि तोच तर प्रॉब्लेम. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅबमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडाच गायब असतो, आणि असे लॅब जास्त खादाड आणि वजनदार असतात. म्हणजे तो जेवणाच्या टेबलाशेजारी बसून ज्या नजरेने बघतो ना, ती भूक नाटकी नसते, पण ती भागवायची गरजही नसते. आणखी एक अभ्यास, २००२ साली आलेला: ४८ लॅब, अर्ध्यांना त्यांच्या जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी खाणं आयुष्यभर, आणि कमी खाणारे जवळपास दोन वर्षं जास्त जगले. दोन वर्षं! आणि आपण "तोंडाकडे बघवत नाही हो" म्हणत चौथी पोळी टाकतो.

घरच्या घरी तपासायचं असेल तर: मूठ वळा आणि बोटांच्या हाडांवरून हात फिरवा, कुत्र्याच्या बरगड्या तशा लागल्या तर तो बारीक. हात सरळ करून पंज्याच्या पाठीवरून फिरवा, तसं लागलं तर मस्त. तळहाताच्या बाजूने, बोटांच्या मुळाशी जसं गुबगुबीत लागतं तसं लागलं तर उद्यापासून खाणं कमी. सोसायटीतल्या लॅबवर हा प्रयोग करा, बहुतेक तळहातवालेच निघतील.

दूधपोळी हे रोजचं जेवण नव्हे, मोठ्या कुत्र्यांना दूध बऱ्याचदा पचतही नाही. कांदा, लसूण, मनुका, द्राक्षं, चॉकलेट बंद, शिऱ्यातली मनुकाही त्यातच आली. शेफर्डची गोष्ट वेगळी, त्याचं पोट नाजूक. भरपूर खातोय आणि तरी हाडं दिसतायत, सारखी पातळ शी होतेय, तर नुसती जंताची गोळी देत बसू नका, स्वादुपिंडाचा एक आजार या जातीत बराच दिसतो, डॉक्टरांना तसं स्पष्ट विचारा.

"डबल बोन, डबल कोट, कॅल्शियम."

'डबल बोन' असं काही नसतं. कुठल्याही केनेल क्लबच्या नियमात नाही, पशुवैद्यकात नाही, फक्त विकणाऱ्याच्या तोंडात आहे, आणि ते शब्द उच्चारले की भाव वाढतो. शेफर्डमध्ये डबल कोट म्हणून विकतात तो फक्त लांब केसांचा, आखूड केसांच्या शेफर्डलाही आतला थर असतोच.

कॅल्शियमवर मात्र राग येतो. शेफर्डचे कान साधारण चार-सहा महिन्यांत उभे राहतात, मधे दात बदलताना एक पडतो, दोन्ही पडतात, परत उठतात. तेवढ्यात लोक मेडिकलमधून बाटली आणून ओततात. मोठ्या जातीच्या लहान पिल्लाच्या शरीराला जास्तीचं कॅल्शियम शोषणं थांबवता येत नाही, आणि वाढणारी हाडं वाकडी होऊ शकतात. पिल्लांसाठीचं चांगलं फूड चालू असेल तर वरून काहीही नको.

त्यापेक्षा विचारायचे प्रश्न वेगळे. आईबापांच्या खुब्यांचा एक्सरे आहे का, कारण खुब्याचा त्रास दोन्ही जातींत सर्रास आहे (हसतील तुम्हाला, तरी विचारा). आई दाखवा म्हणा. वय विचारा, केंद्राच्या कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही, आणि ४५ दिवसांचं म्हणून हातात देतात ते कधीकधी महिन्याचंच असतं. ब्रीडरची नोंदणी राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे लागते, तो कागद मागा. आणि त्या खुब्यांसाठीच, घरात गुळगुळीत टाइल्स असतील तर पिल्लू जिथे पळतं तिथे चटया टाका.

"पहिलंच कुत्रं असेल तर लॅब."

हो, बहुतेक घरांना मीही लॅबच सांगेन. सोपा आहे म्हणून नाही, आपल्या चुका पोटात घालतो म्हणून. शिकवण्यात आठ दिवस खंड पडला, पाहुणे आले, घरात लग्न निघालं, लॅब जाड होईल, सोफा फाडेल, पण बिघडणार नाही सहसा. शेफर्ड त्याला घ्यावा ज्याला कुत्र्याला शिकवण्यातच मजा वाटते आणि जो पहिली दोन वर्षं रोज त्यासाठी वेळ काढेल. घर सकाळी नऊ ते संध्याकाळी सात बंद असेल तर दोन्ही नको, आणि हे त्या काकांनाही सांगितलं, त्यांना आवडलं नाही.

पिल्लूच हवं असा हट्ट नसेल तर आठ-दहा महिन्यांचे, वर्षाचे लॅब आणि शेफर्ड दत्तक मिळतात, असेच फॉरवर्ड वाचून घेतलेले आणि नंतर झेपले नाहीत म्हणून सोडलेले. त्यांचा आकार, आवाज, स्वभाव समोर दिसतो. घेण्याआधी दोनदा भेटा, एकदा रस्त्यावर पट्ट्याने चालवून आणि एकदा जेवताना, आणि गोचिडताप होऊन गेलाय का, रेबीजची लस कधी झाली, ते लेखी घ्या.