ऐंशी ग्रॅमचा प्रश्न

माझ्या पक्ष्यांच्या फोटोंचं एक वैशिष्ट्य होतं. बघणारा फोन आधी डोळ्यांजवळ न्यायचा, मग हात लांब करून धरायचा आणि म्हणायचा, "छान आलाय. पक्षी कुठे आहे?" मी बोट ठेवून दाखवायचो. बोटाखाली पक्षी झाकला जायचा. ठाण्याच्या खाडीतले रोहित, म्हणजे आपले फ्लेमिंगो, मी मोठ्या हौसेने घरच्या ग्रुपवर टाकले, तर धाकट्या मावशीने खाली लिहिलं, "विसर्जनानंतर किती थर्माकोल राहतं बघा पाण्यात."

तेव्हा मोठी लेन्स घ्यायची ठरली.

कॅमेरा कॅननचा ८०डी, म्हणजे अजून जुन्या पद्धतीचा, आत आरसा असलेला; नवे बिनआरशाचे असतात. हल्ली पक्षीमित्रांत असा कॅमेरा गळ्यात दिसला की लोक प्रकृतीची चौकशी करतात. कॅननची स्वतःची ६०० एफ ४ लेन्स आहे (६०० हे मिलिमीटर, आकडा जितका मोठा तितका पक्षी जवळ; एफचा आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त), पण ती घेतली तर पक्षी बघायला जायला गाडी उरत नाही. पांढरी १००-४०० आहे, तिला माझ्या बजेटच्या जवळपास दुप्पट पैसे पडतात आणि एवढं करून ती चारशेला थांबते. पक्षी मात्र सहाशेला बसलेला असतो. मग उरतात त्या बाहेरच्या कंपन्यांच्या लेन्स, आणि त्यांतही खिशाला झेपणाऱ्या दोनच: सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी आणि टॅमरॉनची १५०-६०० जी२. इथपर्यंत यायला कुणालाही अर्धा तास पुरतो. इथून पुढे ऋतू बदलतात.

कारण दोघींत फरक शोधायचा तर भिंगच लागतं. दोन्ही १५० ते ६००. दोन्ही एफ ५ ते ६.३. दोन्हींच्या तोंडाला ९५ मिलिमीटरचा फिल्टर. माझ्या छोट्या सेन्सरवर दोन्ही ९६० मिलिमीटरएवढं जवळ आणतात. सिग्मा आली २०१५ साली, टॅमरॉन २०१६ साली. सिग्माचं वजन १९३० ग्रॅम, टॅमरॉनचं २०१०. या ऐंशी ग्रॅमवरून चांगली शिकलीसवरलेली माणसं एकमेकांशी बोलेनाशी झालेली मी पाहिली आहेत. ऐंशी ग्रॅम म्हणजे एक बटाटावडा. पहाटे पक्ष्यांना निघालेला ठाणेकर वाटेत असे दोन सहज रिचवतो, पण लेन्समध्ये एक वडा जास्त आहे म्हणून रात्रभर तळमळतो. सिग्माचीच स्पोर्ट्स नावाची थोरली बहीण २८६० ग्रॅमची आहे. आमच्या ग्रुपात एकाकडे ती आहे. तो फोटो कधी दाखवत नाही, दंड दाखवतो.

टॅमरॉन २.२ मीटरवरचं टिपते, सिग्माला किमान २.८ मीटर अंतर लागतं. "समजा, खंड्या अडीच मीटरवर येऊन बसला तर?" असा प्रश्न मला एका सद्गृहस्थांनी भांडुप पंपिंग स्टेशनच्या, म्हणजे पक्षीमित्रांच्या नेहमीच्या, रस्त्यावर विचारला. मी गंभीरपणे मान डोलावली. अडीच मीटरवर आजवर माझ्याकडे फक्त कावळा आलाय, आणि त्याचं लक्ष माझ्या डब्याकडे होतं. सिग्माच्या लेन्स जपानमधल्या आयझूत बनतात, टॅमरॉनचं मुख्य ऑफिस तिथल्याच साईतामात आहे. तिथली माणसं रात्री शांत झोपत असतील. भांडण भांडुपला चालतं.

सल्ला विचारायचा तर कुणाला? ज्याला विचारावं त्याच्याकडे यांतली एक असते, आणि त्याच्याकडे असते तीच उत्तम असते. सिग्मावाला टॅमरॉनचं नाव निघालं की "हं, बरी आहे" म्हणतो, आणि त्या 'बरी'त एक अख्खा कारखाना बुडतो. टॅमरॉनवाला त्याहून सज्जन. तो सिग्माची मनापासून स्तुती करतो आणि शेवटी हळूच म्हणतो, "फक्त सहाशेला जरा मऊ पडते." मऊ म्हणजे फोटोला धार नाही. दोन्ही वापरलेला एक माणूस महत्प्रयासाने सापडला. त्याने दोन्ही विकून सोनीचा कॅमेरा आणि २००-६०० घेतली होती. त्याने माझ्याकडे ज्या करुणेने पाहिलं, तशी करुणा मी एरवी अतिदक्षता विभागाबाहेरच पाहिली आहे.

त्यातून एक नवीच माहिती मिळाली. "मॉडेल कुठलंही घे, पण कॉपी चांगली मिळाली पाहिजे." म्हणजे त्याच मॉडेलची एक लेन्स धारदार निघते, दुसरी थोडी पुढे किंवा थोडी मागे फोकस करते. पक्ष्याच्या डोळ्यावर नेम धरावा आणि शेपटी स्पष्ट यावी. यावर इलाजही दोन्ही कंपन्या विकतात: सिग्माचा यूएसबी डॉक, टॅमरॉनचा टॅप-इन कन्सोल. चकतीसारखी डबी असते. लेन्स तिच्यावर बसवायची, कॉम्प्युटरला जोडायची आणि तिची समजूत घालायची. डबीचे पैसे वेगळे. शिवाय कॅननच्या बहुतेक जुन्या कॅमेऱ्यांना एफ ५.६ पलीकडे आपोआप फोकस जमत नाही. या लेन्स सहाशेला ६.३ असूनही कॅमेऱ्याला ५.६च सांगतात, म्हणून तो बिचारा फोकस करतो. वय चोरून नोकरीला लागलेल्यांबद्दल मला आधीपासूनच आपुलकी आहे. हा मुद्दा मी दोघींच्याही बाजूने धरला.

शेवटी मुंबईतला कॅमेऱ्यांचा बोरा बाजार गाठला. काउंटरवरच्या माणसाने माझ्याकडे न बघता विचारलं, "बिलवाली की बिनबिलवाली?"

"बिनबिलवालीला वॉरंटी?"

"मी आहे ना."

तो होता, हे दिसत होतं. वॉरंटी किती वर्षं टिकेल याचा अंदाज मी त्याच्या पोटावरून घेऊ लागलो. तपासून बघायला त्याने लेन्स दिली खरी, पण गल्ली एवढी अरुंद की दीडशेलाही समोरच्या दुकानाच्या पाटीवरचं एकच अक्षर मावत होतं. तेही टिपणार तोच मधून हातगाडी गेली. माझ्याकडे बोरा बाजारातल्या एका गोणपाटाचा अत्यंत तपशीलवार फोटो आहे.

मग मी शास्त्रशुद्ध मार्ग धरला. शनिवार-रविवारसाठी दोन्ही लेन्स भाड्याने आणल्या आणि सकाळी सोसायटीच्या गच्चीवर ट्रायपॉड लावला. समोरच्या बी विंगवरची पाण्याची टाकी हे लक्ष्य. तिची गंजलेली शिडी, पोपडे धरलेला रंग, वरची जाळी, सगळं ठराविक अंतरावर आणि हलत नाही. पक्ष्यांनी शिकावं असं. सिग्मा लावून एक फोटो, टॅमरॉन लावून एक. मग ४००ला, मग ५००ला, मग एफ ८ला. मी वहीत नोंदी करत होतो, म्हणून बी विंगमधले पडदे एकामागून एक ओढले जातायत हे माझ्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी तर दोरीवरचे वाळत घातलेले कपडे ओलेच आत नेले.

आधी वॉचमन आला. त्याने ट्रायपॉडभोवती एक फेरी मारली आणि खाली गेला. मग सेक्रेटरी आले, बनियनवर शर्ट चढवत.

"काय चाललंय?"

"लेन्स तपासतोय. टाकी टिपतोय."

"टाकी?" त्यांनी टाकीकडे पाहिलं, मग टाकीच्या खालच्या खिडक्यांकडे, मग माझ्याकडे. "तुमच्या वयाला टाकीत काय इंटरेस्ट?"

मी त्यांना मागचा पडदा दाखवला, फोटो मोठा करून. शिडीचा प्रत्येक बोल्ट दिसत होता. टाकीच्या बुडाशी एक भेग होती आणि भेगेतून पिंपळाचं रोप वर आलं होतं, तीन पानांचं. सेक्रेटरींचा आवाज एकदम खाली आला. "हे कधी उगवलं?" मी म्हटलं, ठाऊक नाही, पण मधल्या पानाच्या कडा सिग्मात जास्त स्वच्छ आल्यात. त्यांना त्यात रस दिसला नाही. संध्याकाळी फलकावर सूचना लागली: "गच्चीवर दुर्बीण, तोफ अथवा तत्सम उपकरण लावण्यास सक्त मनाई आहे. आदेशावरून." यातली तोफ कोणती आणि तत्सम कोणती, हे मात्र समितीने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझा प्रश्न तिथेच सुटला असता.

रात्री दोन्ही फोटो कॉम्प्युटरवर शेजारी शेजारी लावले आणि हिला बोलावलं.

"कुठला चांगला?"

"अहो, दोन्ही टाकीचेच आहेत ना?"

"नीट बघ. डावीकडचा गंज कसा कुरकुरीत आलाय."

"गंज कुरकुरीत असतो?" म्हणून ती कुकरकडे गेली. एवढ्या नोंदींमधला सर्वांत मौलिक अभिप्राय तो हाच, असं मला आता वाटतं, पण तेव्हा मी गंज तीनशे टक्के मोठा करून बघत होतो.

रविवारी ऐरोलीहून खाडीत बोट. मार्च महिना, भरतीच्या वेळेमुळे बोट सुटायलाच दहा वाजले. समोर चिखलावर रोहितांची गुलाबी रांग. आधी सिग्मा लावली: पक्षी थरथरत होते. टॅमरॉन लावली: तेही थरथरत होते. हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारा स्टॅबिलायझर चालू केला, बंद केला, पुन्हा चालू केला. शेजारच्या मुलीच्या हातात भली महागडी लेन्स होती, तिच्याही पडद्यावर पाय वाकलेले नि चोच वितळलेली. दोष हवेचा होता. ऊन चढलं की तापलेल्या चिखलावरून गरम हवेचे थर वर येतात, प्रत्येक थर प्रकाशाला थोडा थोडा वाकवतो, आणि सहाशे मिलिमीटरची लेन्स पक्ष्याबरोबर ती हवाही जवळ आणते. आयझू असो की साईतामा, मधली हवा ठाण्याचीच. बोटवाला आमची लेन्सची उलटापालट बघत होता. म्हणाला, "दादा, पहाटे भरती असेल त्या दिवशी यायचं. ऊन चढायच्या आत." एवढं एक वाक्य कुठल्याही तुलनेच्या तक्त्यात छापलेलं नव्हतं.

निर्णय झाला तो सोमवारी सकाळी, लेन्स परत करायच्या घाईत. टॅमरॉनचा पाय माझ्या ट्रायपॉडच्या चापात थेट सरकत होता. सिग्माला खालून वेगळी पट्टी लावावी लागत होती, आणि त्या पट्टीचा स्क्रू आवळायचं नाणं मला खिशात सापडेना. हल्ली सगळं यूपीआयवर. लाखाच्या आगेमागेचा व्यवहार एका नाण्याने झाला. बिलवाली टॅमरॉन घरी आली, आणि घरी आल्याक्षणापासून ती सिग्मापेक्षा सरळसरळ सरस असल्याचं मला दिसू लागलं. तो मधल्या पानाच्या कडांचा मुद्दा? ती सिग्माची कॉपी जरा जास्तच चांगली होती, एवढंच. आता मीही "हं, बरी आहे" म्हणतो.

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या सोसायटीचं स्ट्रक्चरल ऑडिट आलं. एका संध्याकाळी दारात सेक्रेटरी, या वेळी पूर्ण कपड्यांत. "ते तुमचं उपकरण आहे का अजून? टाकीखाली भेग कुठवर गेलीय ते इंजिनिअर साहेबांना बघायचंय. परांची बांधायला बराच खर्च सांगतात."

"गच्चीवर मनाई आहे."

"ती तोफेला."

मी ट्रायपॉड लावला. उन्हं कलली होती, हवा स्थिर होती, टाकी जन्मात दिसली नसेल अशी दिसली. पिंपळाला आता फांद्या फुटल्या होत्या. इंजिनिअर साहेबांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर भेग मोठी केली, इकडून तिकडे सरकवत बराच वेळ निरखली. सेक्रेटरी श्वास रोखून उभे.

"शार्प आहे," साहेब म्हणाले. "सिग्मा का?"

"टॅमरॉन. जी२."

"अच्छा." त्यांनी पडदा पुन्हा जवळ धरला. "माझ्याकडे सिग्मा आहे. ही कोपऱ्यात जरा मऊ वाटत नाही तुम्हाला?"

"कोपऱ्यात? कुठल्या कोपऱ्यात?"

"हा बघा. आणि हँडहेल्ड काढून बघा, वजन जाणवतं."

"ऐंशी ग्रॅम जाणवतात तुम्हाला?"

"डॉक घेतलात की नाही? फाइन ट्यून केलीत?"

मी खाली जाऊन वही घेऊन आलो. अंधार पडला तेव्हा आम्ही एफ ८ला पोचलो होतो, आणि सेक्रेटरी तिसऱ्यांदा विचारत होते, "पण साहेब, ती भेग?"