ॲलन रिकमन यांनी बेचाळिसाव्या वर्षी सुरुवात केली नव्हती

दर काही महिन्यांनी ब्रिटिश नट ॲलन रिकमन यांचा एक फोटो मोबाइलवर येतो. खाली साधारण असा मजकूर असतो: हा माणूस 42 वर्षांचा होईपर्यंत डिझायनरची नोकरी करत होता, अभिनयाचा अनुभव शून्य, मग हॉलिवूडला गेला, दोन दिवसांत ‘डाय हार्ड’ हा पहिलाच चित्रपट मिळाला आणि नशीब उघडलं, हॉलिवूडने त्याला घडवलं, मग तो आयुष्यभर खलनायक करत राहिला, तेव्हा तुम्हालाही उशीर झालेला नाही. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण त्यात एका नटाची सोळा वर्षांची मेहनत पुसली जाते आणि नाटकाचं काम म्हणजे काय याबद्दल चुकीची समजूत पसरते. म्हणून एकेक विधान घेऊन बघू.

जे खरं आहे ते आधी. रिकमन यांचा जन्म 21 फेब्रुवारी 1946चा, लंडनच्या ॲक्टन भागातला. ‘डाय हार्ड’ जुलै 1988मध्ये प्रदर्शित झाला, म्हणजे तेव्हा ते 42 वर्षांचे होते. तो त्यांचा पहिला चित्रपट होता. मजकुरातल्या या दोन गोष्टी पूर्ण बरोबर आहेत.

‘बेचाळिशीपर्यंत डिझायनरची नोकरी.’

बेचाळिशीपर्यंत तर नव्हतीच. चेल्सीच्या कला महाविद्यालयात आणि नंतर रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये ते ग्राफिक डिझाइन शिकले, मग मित्रांबरोबर ‘ग्राफिटी’ नावाचा स्वतःचा स्टुडिओ चालवला. नाटक त्या काळातही सुटलं नव्हतं. लॅटिमर अप्पर शाळेत ते रंगमंचावर उभे राहिले होते, आणि 1965मध्ये रीमा हॉर्टन यांच्याशी त्यांची ओळख झाली ती हौशी नाटकमंडळींतच. पुढचं सगळं आयुष्य त्यांनी रीमा यांच्याबरोबर काढलं.

स्टुडिओ सोडून रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टमध्ये, म्हणजे सगळे जिला ‘राडा’ म्हणतात तिथे, ते दाखल झाले 1972मध्ये. वय 26. व्यवसाय बदलण्याचा धोका त्यांनी पत्करला तो तेव्हा. सोबतचे विद्यार्थी वयाने बरेच लहान होते, आणि पोटापाण्यासाठी रिकमन ड्रेसरचं काम करत होते: नायजेल हॉथॉर्न आणि सर राल्फ रिचर्डसन यांच्याकडे.

ड्रेसर म्हणजे आपल्याकडे कपडेपट सांभाळणारा, पण एकाच नटाला बांधलेला. प्रवेशांच्या क्रमाने कपडे लावून ठेवायचे, बटणं आणि हूक आधी तपासायचे, आणि घाईचा बदल असेल तर विंगेतल्या अंधारात काही सेकंदांत एक कोट उतरवून दुसरा चढवायचा. राहिलेल्या वेळात विंगेतच उभं राहायचं. तोच नट, तेच वाक्य, रोज वेगळं प्रेक्षागृह: काल जिथे हशा आला तिथे आज का आला नाही, हे इतक्या जवळून बघायला मिळणं ही शाळेबाहेरची दुसरी शाळाच होती.

‘अनुभव शून्य.’

हे विधान सर्वांत खोटं आहे. राडातून 1974मध्ये बाहेर पडल्यावर ते रेपर्टरीत गेले. ब्रिटनमधल्या अनेक मोठ्या शहरांत तेव्हा स्वतःचा पगारी नटसंच असलेली थिएटरं होती. मँचेस्टर, लेस्टर, शेफील्ड, बर्मिंगहॅम, ब्रिस्टल या फेऱ्यांत रिकमन यांची पुढची वर्षं गेली. तिथली रीत अशी, की रात्री एका नाटकाचा प्रयोग आणि दिवसा पुढच्या नाटकाची तालीम. तालमीला मिळणार तीनेक आठवडे. या महिन्यात म्हातारा नोकर झालेला नट पुढच्या महिन्यात तरुण सरदार असतो. यात बिघडतं ते असं: वेळ कमी, म्हणून नट हमखास टाळी घेणारी एखादी लकब धरतो, तीच पुढच्या भूमिकेत नेतो, आणि दोनेक वर्षांत त्याची सगळी माणसं एकाच छापाची होतात. जो यातून वाचतो त्याला माणसागणिक वेगळी चाल, वेगळा श्वास, वाक्याचा वेगळा वेग पटकन शोधायची सवय लागते. चरित्र अभिनेता घडतो तो इथे.

1978मध्ये ते रॉयल शेक्सपिअर कंपनीत गेले. ‘द टेम्पेस्ट’मधला फर्डिनंड आणि ‘लव्हज लेबर्स लॉस्ट’मधला बॉयेट त्यांनी केला. पण त्या अवाढव्य कंपनीत ते रमले नाहीत आणि बाहेर पडले. यशाच्या गोष्टीत ही पायरी बसत नाही, म्हणून ती कोणी सांगत नाही. बाहेर पडून ते गेले छोट्या जागांकडे, नव्या नाटककारांकडे: शेफर्ड्स बुशमधल्या एका पबच्या माडीवरचं बुश थिएटर, स्लोन स्क्वेअरचं रॉयल कोर्ट. माडीवरच्या थिएटरात पहिली रांग नटाच्या पायाशी असते. तिथे आवाज फेकला तर तो खोटा वाटतो, आणि डोळ्यांतला विचार एक क्षण तुटला तरी दिसतो.

टेलिव्हिजनही होतं. बीबीसीच्या शेक्सपिअर मालिकेतल्या 1978च्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये ते टिबॉल्ट होते. 1982मध्ये बीबीसीनेच ट्रॉलपच्या दोन कादंबऱ्यांवरून ‘द बार्चेस्टर क्रॉनिकल्स’ ही सात भागांची मालिका केली. तिसऱ्या भागात बिशपचा खासगी पाद्री ओबडाया स्लोप येतो आणि मालिका ताब्यात घेतो. तो रिकमन यांनी केला. मान किंचित पुढे, शब्द तुपात घोळलेले, आणि प्रत्येक नम्र वाक्याच्या तळाशी हाव. ब्रिटनमध्ये घराघरांत हा चेहरा पोचला तेव्हा ‘डाय हार्ड’ला सहा वर्षं अवकाश होता. आणि मालिकेत स्लोपचा कट्टर विरोधक असलेला आर्चडीकन कोणी केला होता? नायजेल हॉथॉर्न यांनी. दहा वर्षांपूर्वी ज्यांचे कपडे सांभाळले, त्यांच्याच समोर बरोबरीने उभं राहून काम. असला प्रसंग मजकुरात घालायला हवा होता.

‘दोन दिवसांत भूमिका मिळाली.’

लॉस एंजलिसला पोचल्यावर दोन दिवसांत विचारणा झाली, हे रिकमन यांनीच सांगितलं होतं. पण विचारणाऱ्यांनी त्यांना आधी कुठे पाहिलं, हे मजकूर सांगत नाही.

1985मध्ये ते रॉयल शेक्सपिअर कंपनीत परतले. या वेळी ‘ॲज यू लाइक इट’मधला जेक्विझ, ‘ट्रॉयलस अँड क्रेसिडा’मधला अकिलीज, आणि क्रिस्टोफर हॅम्प्टन यांच्या नव्या नाटकातला, ‘ले लिएझाँ दांजरझ’मधला कारस्थानी वाल्मों. जेक्विझमध्ये एक जुना सापळा आहे. माणसाच्या सात अवस्थांचं ते भाषण प्रेक्षकांना पाठ असतं, ते त्याची वाट बघत असतात, आणि नट प्रसंगातून उठून पाठांतर म्हणून दाखवतो. भाषण आधीच्या क्षणातून, समोरच्या माणसाला उत्तर म्हणून यावं लागतं. या भूमिकेवर रिकमन यांनी नंतर निबंधही लिहिला; स्वतःच्या कामाचा इतका विचार करणाऱ्याला अनुभव शून्य म्हणणं अन्यायाचं आहे.

वाल्मोंचा प्रवास मात्र सविस्तर सांगायला हवा, कारण पुढच्या सगळ्याची किल्ली तिथे आहे. नाटक उघडलं स्ट्रॅटफर्डच्या ‘द अदर प्लेस’मध्ये. ही कंपनीची सर्वांत लहान जागा, मुळात पत्र्याची शेड, दीडशेच्या आतबाहेर प्रेक्षक. तिथून 1986मध्ये लंडनला बार्बिकनच्या तळघरातलं ‘द पिट’. मग वेस्ट एंडचं अँबॅसडर्स. आणि एप्रिल 1987मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेचं म्युझिक बॉक्स, हजाराच्या आसपास खुर्च्या. एकच माणूस चार मापांच्या जागांत. शेडमध्ये वाल्मों वाक्याचा शेवट पाडून, जवळजवळ ओठांतल्या ओठांत बोलला तरी चालतं. हजार खुर्च्यांपुढे तेच वाक्य तसं पाडलं तर शेवटचं व्यंजन मागच्या रांगेला ऐकूच जात नाही. आवाज वाढवला की मग तो कारस्थानी वाटत नाही, भाषण देणारा वाटतो. उपाय असा, की आवाजाची पातळी नव्हे तर श्वास वाढवायचा, व्यंजनं धारदार ठेवायची, पॉझ तितकाच लांब पण आतून भरलेला ठेवायचा. हे तालमीत सुटत नाही. आठवड्याला आठ प्रयोग, महिनोन्महिने केल्यावर सुटतं. या भूमिकेसाठी 1987मध्ये त्यांना टोनीचं, म्हणजे ब्रॉडवेच्या मानाच्या पुरस्काराचं, नामांकन मिळालं.

‘डाय हार्ड’च्या मंडळींनी त्यांना पाहिलं ते याच ब्रॉडवेवर. सप्टेंबरात प्रयोग संपले, नोव्हेंबरात चित्रीकरण सुरू झालं. म्हणजे कॅमेऱ्यासमोर उभे राहिले तेव्हा ते 41चे होते. दोन दिवसांचा हिशोब मांडायचा तर त्यामागची ही दोन वर्षंही मांडायला हवीत. हेही लक्षात घ्या, की त्याच नाटकाच्या चित्रपटात वाल्मोंची भूमिका जॉन माल्कोविच यांना गेली. नशीबच मोजायचं असेल तर हेही मोजा.

‘हॉलिवूडने घडवलं.’

उलट त्यांनी स्वतःची शिदोरी तिथे नेली. दहशतवादी म्हटल्यावर लढाऊ पोशाख ठरलेला. ‘डाय हार्ड’मधला त्यांचा खलनायक हान्स ग्रूबर, त्याला सूट घालावा, हे रिकमन यांनी सुचवलं. इतकी वर्षं वाया गेली असं ज्या डिझाइनच्या शिक्षणाबद्दल सुचवलं जातं, ते इथे कामाला आलं असं आम्हाला वाटतं: कपडा बदलला की माणूस बदलतो. सूटमुळेच हान्स ओलीस म्हणून खपू शकतो, आणि नायकासमोर अमेरिकन उच्चारांत बोलत घाबरल्याचं सोंग आणतो. म्हणजे इंग्रज नट, जर्मन पात्र, आणि त्या पात्राने घेतलेलं अमेरिकन सोंग. तिन्ही थर एका वाक्यात वेगळे ठेवणं रेपर्टरीत मुरलेल्या नटालाच जमतं.

‘मग आयुष्यभर खलनायक.’

हे तर एका ओळीत संपतं. 1995मध्ये ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’चा कर्नल ब्रँडन, 1991मध्ये ‘ट्रूली मॅडली डीपली’तला मरून परत आलेला सेलोवादक, 1992मध्ये रंगमंचावर हॅम्लेट.

मराठी वाचकाला हा घोळ ओळखीचा वाटेल. डॉ. श्रीराम लागू चाळिशीच्या उंबऱ्यावर डॉक्टरी सोडून ‘अचानक’ नट झाले, असं सांगितलं जातं. 1969मध्ये ते पूर्णवेळ व्यावसायिक रंगभूमीवर आले हे खरं. पण त्याआधी पुण्यात वैद्यकीय महाविद्यालयापासून आणि भालबा केळकरांसोबत प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमध्ये त्यांनी वर्षानुवर्षं नाटक केलं होतं. ‘नटसम्राट’ त्या तालमींवर उभा राहिला. चाळिशीत नाटकाकडे वळू पाहणाऱ्याला फोटोखालचा तो मजकूर तालमी न सांगता फक्त टाळ्या दाखवतो, आणि वर्षभरात काही झालं नाही की तो माणूस स्वतःलाच दोष देत बसतो. त्याला खरी तारीख सांगा: 1972.

चित्रपट मिळाल्यावर रंगभूमी सुटली, हा त्या मजकुराचा अध्याहृत अर्थही टिकत नाही. 2001च्या ऑक्टोबरात लंडनच्या आल्बरी थिएटरमध्ये नोएल कॉवर्ड यांचं ‘प्रायव्हेट लाइव्ह्ज’ उघडलं. दिग्दर्शक हॉवर्ड डेव्हिस, नायिका लिंडसे डंकन, नायक रिकमन: ‘लिएझाँ’चंच त्रिकूट, सोळा वर्षांनी. पहिला हॅरी पॉटर त्याच नोव्हेंबरात जगभर लागला. त्यातली रिकमन यांची भूमिका, स्नेप, पडद्यावर होती, आणि स्नेप करणारा माणूस आठवड्याचे प्रयोग करत होता. पुढच्या वर्षी ते नाटक ब्रॉडवेला गेलं आणि रिकमन यांना टोनीचं दुसरं नामांकन मिळालं.